शिवजयंती १ मार्चला लिहायची का? दिनविशेषाच्या तारखांचा घोळ

फळेवाली_सई

नमस्कार मंडळी.

आमच्या वसाहतीच्या वाचनालयाच्या दाराशी एक काळा फळा आहे आणि त्यावर रोजचा दिनविशेष लिहायचं काम माझ्याकडे आलंय. एक ओळ, फार तर दोन.

वाचनालयात रोज पेपर वाचायला येणारे एक निवृत्त भूगोल शिक्षक आहेत. त्यांचं म्हणणं असं की महाराजांच्या जन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन, म्हणजे युरोपातल्या जुन्या कालगणनेतली तारीख आहे. आपण आज वापरतो ती ग्रेगोरियन, तिच्यात तो दिवस १ मार्च १६३० ला येतो. त्याच न्यायाने अफझलखानाचा वध २० नोव्हेंबर १६५९, राज्याभिषेक १६ जून १६७४, महाराजांचं निधन १३ एप्रिल १६८०. गणित बरोबर आहे, ताडून पाहिलं. पण १६ जूनला फळ्यावर राज्याभिषेक लिहिला तर १७ जूनला मला वसाहतीत कोण राहू देणार?

तर दोन प्रश्न.

१) शिवकाळातल्या तारखा आहेत तशा ठेवाव्यात, दहा दिवस पुढे न्याव्यात, की सरळ तिथी लिहावी?
२) दिनविशेषात वर्षानुवर्षं छापून येणाऱ्या पण चुकीच्या अशा आणखी कोणत्या गोष्टी तुम्हाला माहीत आहेत? खात्रीच्याच सांगा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या नकोत, त्या माझ्याकडे गोणीभर आहेत.

---

चहाटळ

पहिला!

उद्याच्या फळ्यावर लिहा: आजच्या दिवशी सईच्या धाग्यावर चहाटळ यांचा पहिला प्रतिसाद (ज्युलियन).

---

बखरबहाद्दर

विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. आधीच सांगतो.

मूळ मराठी कागदात ‘१९ फेब्रुवारी’ असं काही नसतंच. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या शकवार नोंदींत, आहे ती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी. ही शकावली टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. त्याआधी सगळीकडे वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे एप्रिल १६२७ धरत. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतातही फाल्गुन वद्य तृतीयाच आहे आणि पुढे जोधपूरला सापडलेली जन्मकुंडलीही त्याच बाजूची. तरी वाद मिटला नाही. राज्य सरकारने १९६६ मध्ये इतिहासकारांची समिती नेमली, तिच्यातही एकमत झालं नाही. सरकारने १६३० ची तिथी मान्य केली ती २००१ मध्ये.

तिथीचं इंग्रजी तारखेत रूपांतर करताना आपल्या अभ्यासकांनी ज्युलियन धरली. त्यात सोयही होती. सुरत, राजापूर, मुंबई इथल्या इंग्रज वखारींची पत्रं ज्युलियन तारखांची. इंग्लंडने कालगणना बदलली ती १७५२ साली. राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर हजर होता, त्याच्या कागदात तारखा जुन्याच पद्धतीच्या. रूपांतरही त्याच पद्धतीने केलं की दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचता येतात.

म्हणजे १९ फेब्रुवारी चूक नाही. तारीख आणि कालगणना यांची जोडी बरोबर आहे, जोडीतला दुसरा भाग आपण लिहीत नाही एवढंच. माझं मत: आहेत तशा ठेवा.

---

एक्सेलराव

बहाद्दरसाहेब, दंडवत. एक सोपी चाचणी मी सांगतो, कुणालाही घरी करता येईल.

शकावली शुक्रवार म्हणते ना? ग्रेगोरियन कालगणनेत वार दर ४०० वर्षांनी जसेच्या तसे परत येतात. मग फोनमध्ये २०३० चं कॅलेंडर उघडा. १९ फेब्रुवारी २०३० मंगळवार आहे. १ मार्च २०३० शुक्रवार. झालं. १९ फेब्रुवारी १६३० ला आजच्या कालगणनेत बसवलं तर वार चुकतो, १ मार्चला बसतो.

एक्सेलमध्ये करायला जाऊ नका. त्याला १९०० च्या आधीची तारीख समजतच नाही, आणि १९०० मध्ये २९ फेब्रुवारी होता असं ते आजही छातीठोकपणे मानतं. नव्हता. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच लीप वर्ष, आणि दोन कालगणनांमधला सगळा फरक या एकाच नियमाचा.

ज्यांच्याकडे लिनक्स आहे त्यांनी टर्मिनलवर सप्टेंबर १७५२ चं कॅलेंडर मागवून बघा. २ तारखेनंतर थेट १४ येते. प्रोग्रॅम बिघडलेला नाही, इंग्लंडमध्ये खरंच तसं झालं होतं.

---

मावळतीचे_ऊन

अकरा दिवस कापल्यावर पगाराचं काय केलं असेल हो त्यांनी?

---

चहाटळ

@मावळतीचे_ऊन, पगार कापला असणार आणि घरभाडं पूर्ण घेतलं असणार. सप्टेंबर कुठलाही असो, घरमालक तोच.

---

घटिका_पळे

राज्याभिषेकाच्या तारखेत याहून मजेशीर गाठ आहे, ती कुणी सोडवलेली दिसत नाही.

६ जून १६७४ ला वार शनिवार येतो. एक्सेलरावांची चाचणी लावा: १६ जून २०७४, शनिवार. पण जेधे शकावलीत राज्याभिषेकाची नोंद ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार अशी आहे. आणि आपण साजरी करतो ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी! वार एक सांगतो, तिथी दुसरी, तारीख तिसरी. मग खोटं कोण?

कुणीच नाही. त्याच नोंदीत पुढे आहे की तीन घटिका रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसले. एक घटिका २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला सव्वा तास बाकी. आपल्याकडे वार बदलतो सूर्योदयाला. तोवर शुक्रवारच. इंग्रजांचा दिवस मध्यरात्रीच बदललेला, त्यांच्या लेखी शनिवार, ६ जून उजाडलेला. शुक्रवारच्या सूर्योदयाला द्वादशी होती म्हणून तो दिवस द्वादशीचा, पण प्रत्यक्ष मुहूर्ताच्या वेळी त्रयोदशी लागली होती.

मी स्वतः त्या अमावास्येपासून चंद्राचं ढोबळ गणित मांडलं. पहाटेच्या सुमारास त्रयोदशी नुकती लागलेली, असंच उत्तर येतं. साडेतीनशे वर्षांपूर्वीची एका ओळीची नोंद इतकी घट्ट बसते हे बघून रात्री अकराला एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. घरच्यांनी दार लावून घेतलं.

---

फळेवाली_सई

बापरे, @घटिका_पळे, हे फळ्यावर मावणार कसं? पण लिहिणार नक्की.

---

किल्लारीकर

दिवस कधी बदलतो यावरून.

आमच्या भागात ३० सप्टेंबर १९९३ ही किल्लारीच्या भूकंपाची तारीख कुणाला सांगावी लागत नाही. पहाटे चारला काही मिनिटं कमी होती. आदल्या रात्री गणपती विसर्जन आटोपून लोक झोपले होते. गावातली म्हातारी माणसं अजून ‘चतुर्दशीच्या रात्री’ असंच म्हणतात, तारखेने कुणी बोलत नाही. दिनविशेषात ३० तारीख छापून येते, ती बरोबरच आहे. पण इथे त्या दिवसाची आठवण काढतात ती विसर्जनाला जोडूनच, आणि अनंत चतुर्दशी दर वर्षी वेगळ्या तारखेला येते. म्हणजे आमचे त्या आठवणीचे दिवस दोन.

कोयनेचा भूकंपही असाच पहाटेचा, ११ डिसेंबर १९६७, चार वाजून एकवीस मिनिटं.

---

मावळतीचे_ऊन

_/\_

---

रत्नांग्रीकर

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. दर १४ जानेवारीला येणारं वाक्य: ‘१७६१ साली ऐन संक्रांतीच्या दिवशी पानिपतावर…’

तारीख बरोबर. १४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी. १७५२ नंतरची असल्यामुळे ही ग्रेगोरियनच, इथे दहा-अकरा दिवसांचा घोळ नाही. घोळ संक्रांतीचा आहे. त्या वर्षी संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती.

---

बखरबहाद्दर

@रत्नांग्रीकर, संक्रांत तर दर वर्षी १४ जानेवारीलाच. सूर्यावर चालणारा आपला एकमेव सण, तो कसा सरकेल?

---

रत्नांग्रीकर

सरकतो, साहेब. संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात, इंग्रजी वर्ष ऋतूंच्या संदर्भाने. दोन्ही वर्षांच्या लांबीत वीस-पंचवीस मिनिटांचा फरक आहे. साठ-सत्तर वर्षांत तो एक दिवस होतो. म्हणून हल्ली काही वर्षी संक्रांत १५ ला येते आणि लोक विचारतात, यंदा पंधराला कशी?

पुरावा हवा असेल तर स्वामी विवेकानंदांचा जन्म घ्या. १२ जानेवारी १८६३, आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता हे त्यांच्या सगळ्या चरित्रांत आहे. १८६३ ला १२ तारीख, तर त्याच्या शंभर वर्षं आधी १४ कशी असेल?

आणि गंमत म्हणजे आमच्या घरी संक्रांत आजही १० जानेवारीलाच असते.

---

फळेवाली_सई

१० ला? कशी काय?

---

रत्नांग्रीकर

टिळक पंचांग. रत्नागिरीकडे बरीच घरं अजून ते पाळतात. राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा यावर जुना वाद आहे. चित्रा ताऱ्याच्या समोरून की रेवती नक्षत्रातल्या ताऱ्यापासून? टिळक रेवतीच्या बाजूचे. त्या हिशेबात सुमारे चार अंशांचा फरक पडतो, सूर्य रोज साधारण एक अंश चालतो, म्हणून संक्रांत चार दिवस आधी. काही वर्षी अधिक महिनाच वेगळा येतो, मग आमचे गणपती तुमच्या महिनाभर आधी बसतात. लहानपणी याचा फायदा असा की मोदक दोनदा. आपल्या घरी एकदा, नंतर शेजाऱ्यांकडे.

तोटा असा की शाळेला सुट्टी नाही.

---

चहाटळ

म्हणजे टिळक पंचांगवाल्यांचं पानिपत संक्रांतीनंतर आठवड्याने झालं. खिक्क.

---

बखरबहाद्दर

विवेकानंदांचा दाखला चांगला आहे. पण पानिपताची हाराकिरी संक्रांतीमुळे लोकांच्या लक्षात राहते हेही खरं. १ नोव्हेंबर १७६० च्या सुमाराला भाऊसाहेब पानिपतावर अडकले, अडीच महिने रसद तुटत गेली, आणि शेवटी उपासमारीने मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून बाहेर पडले. हे कुणी सांगत नाही. ‘संक्रांत’ म्हटलं की सगळी कारणं ग्रहांच्या माथी मारता येतात.

---

बॉस्टनकर

इथे अमेरिकेत ‘दहा दिवस पुढे न्या’ या बाजूचा मोठा साक्षीदार आहे. जॉर्ज वॉशिंग्टन. जन्मला तेव्हा तारीख होती ११ फेब्रुवारी १७३१. आज सगळे २२ फेब्रुवारी १७३२ लिहितात. दिवसही बदलला आणि वर्षही! वर्ष बदललं कारण इंग्रजांचं नवीन वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई. १७५२ च्या सुधारणेत तेही १ जानेवारीवर आणलं.

त्याची तारीख सरकली म्हणून अमेरिका बुडाली नाही. मग आपणच का घाबरायचं?

---

बखरबहाद्दर

कारण वॉशिंग्टन तेव्हा जिवंत होता! विशीत होता तो. त्याच्या डोळ्यांदेखत कालगणना बदलली, त्याने स्वतः नवी तारीख स्वीकारली. शिवाजी महाराजांचा ज्युलियनशी संबंध काय आणि ग्रेगोरियनशी काय?

तारखा मागाहून सरकवायला गेलं की काय होतं त्याचं उदाहरण आयर्लंडमध्ये आहे. बॉइनची लढाई १ जुलै १६९० ला झाली, जुन्या पद्धतीने. साजरी करतात १२ जुलैला. सतराव्या शतकातला फरक दहा दिवसांचा, म्हणजे ११ जुलै यायला हवी होती. अकरा मिळवले आणि एक दिवस जास्तीचा गेला, तो आजतागायत. त्याउलट गाय फॉक्सचा बारुदाचा कट ५ नोव्हेंबर १६०५ चा, तो त्यांनी हलवला नाही. आजही ५ नोव्हेंबरलाच शेकोट्या पेटतात. एकाच राजवटीखाली दोन तऱ्हा.

---

बॉस्टनकर

इंग्रजांच्या वर्षारंभाचं मात्र सईताईंनी लक्षात ठेवायला हवं. वखारींच्या पत्रांवर जानेवारी ते २४ मार्चपर्यंतच्या तारखा असतील तर वर्ष एकाने मागे असू शकतं. काही ठिकाणी १६७३/४ असं दुहेरी लिहिलेलं दिसतं ते याचसाठी.

---

पेडणेकार

गोव्यातून हजेरी लावतो.

बखरबहाद्दर म्हणतात की इंग्रजांचे कागद ज्युलियन, म्हणून सोय. पण शिवकाळात शेजारी फक्त इंग्रज नव्हते, आमच्याकडे पोर्तुगीजही बसले होते! पोर्तुगाल आणि स्पेन यांनी १५८२ मध्येच नवी कालगणना घेतली. तिथे ४ ऑक्टोबर १५८२, गुरुवार, आणि दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर, शुक्रवार. अविलाची संत तेरेसा त्या ४ तारखेच्या रात्री वारली आणि तिचा सण १५ ऑक्टोबरला असतो.

त्यामुळे पणजीच्या दप्तरातलं महाराजांविषयीचं पत्र आणि त्याच दिवशी मुंबईच्या वखारीत लिहिलेलं पत्र यांच्या तारखांत दहा दिवसांचं अंतर. इंग्रजी कागदच वाचलेला माणूस पोर्तुगीज कागद बघून म्हणेल, यांना बातमी उशिरा पोचली की काय!

सगळ्यात मोठं गिऱ्हाईक वसई. चिमाजी आप्पांपुढे पोर्तुगीज शरण आले ती तारीख कुठे ५ मे १७३९ वाचाल, कुठे १६ मे. दोघे भांडतात. अंतर मोजा: अकरा. अठराव्या शतकात फरक अकराचाच होता, कारण १७०० हे वर्ष ज्युलियनने लीप धरलं आणि ग्रेगोरियनने धरलं नाही. एकाच दिवसाची ही दोन नावं.

म्हणून माझं मत बहाद्दरांच्या उलट. नुसतं ‘आहे तशी ठेवा’ म्हणून भागत नाही. ‘आहे तशी’ म्हणजे कुणाच्या कागदातली?

---

बखरबहाद्दर

वसईचा मुद्दा बिनतोड. मराठी लेखनात एकच पद्धत पाळा, एवढं मी आता जोडतो. पोर्तुगीज साधनांवरून लिहिताना तिथली तारीख तशीच उचलली की घोळ होतो.

---

घटिका_पळे

यावरून थोरल्या बाजीरावांची तारीख तपासली. २८ एप्रिल १७४०, रावेरखेडी, वैशाख शुद्ध त्रयोदशी. अमावास्येपासून गणित केलं तर शुद्ध त्रयोदशी येते ग्रेगोरियन ९ मेला. अकरा वजा करा: २८ एप्रिल. म्हणजे बाजीरावांची तारीख जुन्या पद्धतीची आणि पानिपताची नव्या. मध्ये वीस-एकवीस वर्षांचंच अंतर, पण दिनविशेषाच्या यादीत दोन्ही शेजारी शेजारी छापतात आणि कुठेही सांगत नाहीत.

आणि संभाजी महाराजांची ११ मार्च १६८९, फाल्गुन अमावास्या. तीही तपासली. चंद्राच्या गणिताने अमावास्या २१ मार्चला, ग्रेगोरियन. दहा वजा, ११ मार्च. चोख.

---

सदा_अवांतर

अवांतर: कॅलेंडरचं सोडा, मुंबईत घड्याळावरूनही एकमत नव्हतं. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटं पुढे. महापालिका हटून बसली आणि ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत चालू ठेवला. शहरात एका घड्याळात अकरा आणि दुसऱ्यात दहा वाजून एकवीस मिनिटं.

त्यामुळे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी सुटली असं आपण वाचतो, तेव्हा ते आजच्या घड्याळाचे ३:३५ नव्हेत. आजच्या हिशेबाने सव्वाचार.

---

चहाटळ

म्हणजे पहिल्याच दिवशी ३९ मिनिटं लेट. परंपरा जपली आहे हो.

---

सदा_अवांतर

आणखी एक अवांतर, पण फळ्याच्या कामाचं. १४ एप्रिलला सगळे आंबेडकर जयंती लिहितात, लिहायलाच हवी. पण त्याच तारखेला १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. वर कापसाच्या गाठी, पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, आणि सोन्याच्या लगडी. पहिला स्फोट दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, म्हणून १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन. सोन्याच्या विटा गोदीच्या गाळात पुढे कित्येक वर्षं सापडत राहिल्या.

माझे आजोबा तेव्हा मशीद बंदरला पेढीवर कामाला होते. स्फोट ऐकून जपान्यांनी बॉम्ब टाकला अशीच सगळ्यांची समजूत झाली, असं सांगायचे.

---

पुस्तकी_किडा

वाचतेय. धागा भारी चाललाय, माझी भर:

‘शेक्सपिअर आणि सर्व्हान्तेस एकाच दिवशी वारले, २३ एप्रिल १६१६’ हे दर पुस्तक दिनाला येतं. तारीख तीच, दिवस तो नव्हे. स्पेनमध्ये नवी कालगणना, इंग्लंडमध्ये जुनी, त्यामुळे शेक्सपिअर दहा दिवसांनी गेला. त्यातही सर्व्हान्तेस २२ ला वारला असं मानतात, २३ ही दफनाची.

तसंच ‘गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला’. गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२, ही नव्या पद्धतीची. न्यूटन २५ डिसेंबर १६४२, ही जुन्या. एकाच मापाने मोजलं तर न्यूटन ४ जानेवारी १६४३. वर्षच हुकतं. नाताळच्या दिवशी जन्म हेही मग इंग्लंडपुरतं.

ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरात साजरी होते हे सगळ्यांना ठाऊक आहेच.

---

मावळतीचे_ऊन

मला न सरकणारा योगायोग आवडतो. १ ऑगस्ट १९२०: मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले आणि वाटेगावला अण्णाभाऊ साठे जन्मले. दोघांच्या नावाने एकाच दिवशी दोन वेगळ्या मिरवणुका निघतात.

---

पेठेतला_पोऱ्या

‘२२ जून १८९७: रँडचा खून’ (रँड म्हणजे पुण्याचा प्लेग अधिकारी). हेही तपासा. चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या त्या २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी संपवून साहेब परतत असताना. दुसरा गोरा अधिकारी आयर्स्ट जागीच मेला. रँड मेला ३ जुलैला. ‘गोळ्या झाडल्या’ लिहिलंत तर २२ बरोबर, ‘वध’ लिहिलंत तर आमच्या पेठेतले आजोबा दुरुस्तीचा खडू घेऊन येतील.

---

ठाम_मत

इतका काथ्याकूट कशासाठी? हे असले वाद काढून महाराजांच्या जयंतीत फूट पाडायची आणि मग हसायचं. तिथी हीच आपली. इंग्रजांचं कॅलेंडर फेकून द्या, प्रश्नच मिटला.

---

किल्लारीकर

@ठाम_मत, तुमच्या प्रतिसादाची वेळ आणि तारीख खाली इंग्रजीतच उमटली आहे.

मुद्द्याचं बोलायचं तर तिथीने साजरी करायला कुणी अडवलेलं नाही. रायगडावर राज्याभिषेक दिन ६ जूनलाही होतो आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाही. गर्दी दोन्हीला असते. फूट पडलेली मला तरी दिसली नाही, पायऱ्यांवर जागा तेवढी मिळाली नाही.

---

एक्सेलराव

तिथीच्या बाजूने खरी अडचण वेगळी आहे. शाळेला, सरकारी कचेरीला वर्षभर आधी सुट्टी जाहीर करायची असते, आणि पंचांगं आपसात भांडतात (बघा: रत्नांग्रीकरांचे मोदक). हा वाद सोडवायला सरकारने मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ ला, १ चैत्र शके १८७९ पासून, भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. शकाचं वर्ष, महिन्यांची नावं आपली, दिवस सूर्याचे, लीप वर्षाचा नियम ग्रेगोरियनचा. आकाशवाणीवर बातम्यांच्या आधी ऐकू येते ती हीच. कागदावर सगळ्यांत शहाणी, आणि तिने वाढदिवस करणारा एकही माणूस मी पाहिलेला नाही.

---

रत्नांग्रीकर

राष्ट्रीय दिनदर्शिकेने अजून एक पंचांग वाढलं, एवढंच. मोदक वाढले असते तर गोष्ट वेगळी.

---

फळेवाली_सई

सगळे प्रतिसाद आज निवांत वाचले. आमच्या भूगोलाच्या सरांनाही छापून दिले. ते घटिका_पळे यांच्या शुक्रवार-शनिवारवर इतके खूश झाले की १ मार्चचा हट्ट तात्पुरता बाजूला पडला.

माझं असं ठरलंय. १७५२ पूर्वीच्या आपल्याकडच्या घटनांना रूढ तारीखच ठेवणार, पण तिच्याखाली बारीक अक्षरात तिथी, शक आणि वार. ज्याला दहा दिवस पुढे जायचंय त्याला त्यावरून जाता येईल. ज्युलियन-ग्रेगोरियन रोज लिहिणार नाही, खडू संपेल. वसईला मात्र ५ मे आणि १६ मे दोन्ही दिवशी लिहिणार, आणि दुसऱ्या दिवशी कारणही. पानिपतातली संक्रांत काढली. रँडला ‘गोळ्या झाडल्या’.

ठाम_मत, तुमचीही सोय झाली, तिथी आलीच.

एक अडलंय. १८१८ च्या आसपासच्या घटना पेशवे दफ्तरातून घेतल्या तर तिथे मुसलमानी महिने आणि सुहूर सन असतो. तो कसा उलगडायचा? ‘समान अशर मयातैन व अलफ’ असलं काहीतरी वाचून मी पुस्तक मिटलं.

---

बखरबहाद्दर

सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवा, इसवी सन मिळेल. हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा सुरू होतं, म्हणून जूनच्या आधीची घटना असेल तर ६००, नंतरची असेल तर ५९९. म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. आकडे अरबी शब्दांत आणि एककापासून लिहितात: समान म्हणजे आठ, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार. झाले १२१८. त्यात ५९९ मिळवले की १८१७ चा मृग ते १८१८ चा मृग. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं ते नोव्हेंबर १८१७ चं, म्हणजे याच वर्षातलं.

महिन्यांच्या चंद्रतारखा मात्र हिजरीच्या, त्यांचं कोष्टक लागतं. ते या धाग्यात नको, वेगळा काढा. मी येतो.

---

चहाटळ

वेगळ्या धाग्यावरही पहिला मीच. मृगसालाप्रमाणे.